तुडवलेला कापूस

खेमसिंगच्या अंगणात कापसाची भरलेली बंडी उभी होती आणि ती उभीच राहिली. तांड्यातल्या बाकीच्या बंड्या घाटंजीच्या सरकी काढायच्या जिनात कापूस टाकून परत आल्या, पुन्हा भरल्या, पुन्हा गेल्या. खेमसिंगच्या बंडीचं जू मात्र जमिनीला टेकलेलं. चहूबाजूंनी बांबूचे तट्टे बांधलेले, आत काठोकाठ कापूस, वरून टाकलेलं जुनं पाल. त्या पालावर आता कोंबड्या बसायला लागल्या होत्या.

शेजारचा शंकरसिंग नात्यानं चुलतभाऊ, तोंडाचा फटकळ. येताजाता बोलायचा, "काहून रे खेमसिंग, कापूस मुरत घातला का? लोनचं हाय का थे?"

"जाईन एखाद्या दिवशी."

"भाव पडल्यावर जाशीन?"

खेमसिंग बैलांकडे वळायचा. या घरातून बाई गेल्याला अजून महिनाही झाला नव्हता, हे शंकरसिंगला बोलून झाल्यावर आठवायचं.

मोतीबाई बाळंतपणात गेली असं सगळे म्हणत. दिवस भरायच्या आधीच पोट दुखायला लागलं, सातव्यातच पोरगी झाली, मग ताप आला आणि तो उतरलाच नाही. यवतमाळच्या दवाखान्यात नेलं तेव्हा ती माणसं ओळखत नव्हती. डॉक्टरांनी करायचं ते केलं. परत आणली ती मालट्रकमधून, घोंगडीत गुंडाळून. सुईण बसंतीबाई म्हणाली, "काही काही बायांचं असंच असते." कुणी खेमसिंगकडे बोट दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं. कारण त्याला एक गोष्ट माहीत होती आणि ती दुसऱ्या कुणाला माहीत नाही असं तो समजत होता.

ती बंडी मोतीबाईनं तुडवली होती.

कापूस नुसता ओतला तर बंडी लगेच भरलेली दिसते आणि वजन काही होत नाही. म्हणून एक माणूस आत चढतो. खालून टोपल्या ओतत जायच्या आणि त्यानं आधी कडेकडेनं, मग मधोमध, टाचेनं दाबत फिरायचं. थरावर थर असा बसला पाहिजे की हात घातला तर कोपरापर्यंत जाता कामा नये. हे काम सगळ्यांना जमत नाही. मोतीबाईला जमायचं. अंगानं बारीक, पण टाच अशी बसायची की घाटंजीतला माल उतरवणारा हमाल कापूस ओढताना म्हणायचा, "आली वाटते मोतीबाईची बंडी." लग्न होऊन आली त्या वर्षापासून खेमसिंगला या गोष्टीचा अभिमान होता. तो चारचौघांत बोलून दाखवायचा.

त्या दिवशी शेतात दोघंच होते. वेचणी झालेली, ढीग पडलेला, बंडी उभी. मोतीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आज पाठ भरून आली. शंकरदादाले बोलवा ना."

"शंकऱ्याचे पाय म्हशीचे," तो म्हणाला. "तुडवते कमी अन् सांडवते जास्त. तुयासारखी बंडी अख्ख्या तांड्यात कोनाची भरते, सांग बरं?"

ती हसली. "गोड बोलता अन् काम करून घेता." मग घागरा खोचला, चाकावर पाय ठेवला आणि वर चढली. त्यानं खालून हात दिला.

तो ओरडला असता, हुकूम केला असता, तर ती चढली नसती. उलट बोलली असती, बांधावर जाऊन बसली असती. तो गोड बोलला म्हणून ती चढली. खेमसिंगला रात्रंदिवस हेच टोचत होतं. वर फिरता फिरता ती एकदा थांबली होती आणि तट्ट्याला धरून उभी राहिली होती. त्यानं खालून विचारलं होतं, "झालं का?" आणि ती म्हणाली होती, "वता अजून." त्यानं ओतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला कळा सुरू झाल्या.

पोरगी जन्मली तेव्हा बसंतीबाईनं तिला एका तळहातावर घेतलं होतं आणि पाय तिच्या मनगटापर्यंतच पोचले होते. अंगाला कातडं सैल, उसनं आणलेलं असावं तसं. रडलीही नीट नाही. बसंतीबाई बाहेर येऊन म्हणाली, "दिवस भरले नाईत. पाहू." त्या पाहू शब्दावर सगळे आठवडे गेले.

पोरीला सांभाळत होती मोतीबाईची आई, धुरपताबाई. घाटंजीच्या पलीकडच्या तांड्याची. लेकीला ताप चढला असं कळल्यावर रानातून तशीच निघून आली होती. लेक गेली, नात राहिली. रडायला तिला वेळच मिळाला नाही. तिनं पहिलं काम केलं ते म्हणजे घरातली बांबूची टोपली रिकामी केली आणि जावयाला म्हणाली, "जवाईबापू, कापूस आना."

तांड्यात आईला याडी म्हणतात. खेमसिंग सासूलाही याडीच म्हणायचा. "कायले, याडी?"

"कायले म्हंजे? कच्चं लेकरू हाय. पुसाची थंडी हाय. पोटात जेवढे दिवस राह्यचे होते तेवढे दिवस कापसात राह्यन. चांगला मऊ आना, सरकी काढून."

घरात दुसरा कापूस नव्हता. खेमसिंग अंगणात गेला. पाल उचललं, कोंबड्या उडाल्या. तो बराच वेळ तिथं हात न घालता उभा राहिला. मग वरच्या थराचा, नंतर ओतलेला आणि पायाखाली न आलेला कापूस त्यानं ओंजळीनं काढला. ओट्यावर बसून एकेक पुंजका उकलून बोटांनी सरकी काढली आणि कापूस फुलवून आत सरकवला. सरकवताना उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही.

तेव्हापासून ते रोजचंच काम झालं. ओला झालेला कापूस धुरपताबाई बाहेर टाकायची आणि नवा मागायची. खेमसिंग सकाळी बैलांचं उरकलं की ओट्यावर बसायचा आणि सरकी काढायचा. बोटं सोलून निघाली. शंकरसिंगची बायको नंदाबाई हिचं लेकरू अंगावर पीत होतं. ती वाटीत दूध काढून द्यायची. धुरपताबाई कापसाची वात वळायची, दुधात बुडवायची आणि पोरीच्या ओठांवर धरायची. एक थेंब आत, दोन थेंब गालावरून खाली. एक वाटी पाजायला सकाळची दुपार व्हायची.

खेमसिंग दर थोड्या वेळानं दारातून विचारायचा, "हाय ना?"

"हाय."

पाणी भरून आला की, "हाय ना, याडी?"

"हाय हो."

शेतातून अर्ध्या वाटेवरून परत यायचा. काही विसरलं म्हणून यायचा आणि काही न घेताच जायचा. जाताना तेच, "हाय ना?"

एकदा धुरपताबाई वैतागली. "पाच हातांवर टोपली हाय. आत येऊन पाह्यलं तर पाय झिजतीन का तुमचे?"

"माये हात खराब हाय."

"धुवा मंग!"

तो बैलांकडे निघून गेला. हात धुऊन जाणारी ती घाण नव्हती, हे तिला कसं सांगणार? त्यानं पोरीला एकदाही उचललं नव्हतं. तिचं तोंडही त्यानं धड पाहिलं नव्हतं. दारातून त्याला फक्त कापूस दिसायचा आणि त्या कापसाची अगदी बारीकशी हालचाल. ती दिसली की त्याचा जीव भांड्यात पडायचा. त्याला वाटायचं, आपण हात लावला की काहीतरी होईल. आपण चांगलं म्हणून जे करतो त्यातच काहीतरी होतं. मोतीला वर चढताना हात दिला, तोही चांगला म्हणूनच दिला होता.

संक्रांत होऊन गेली. पोरगी जगली होती, पण वाढत होती असं कुणी म्हणालं नसतं. धुरपताबाईच्या तांड्यावरून दोनदा निरोप आले, तिच्या शेतातला शेवटचा वेचा राहिला होता. एका दुपारी ती वात वळता वळता म्हणाली, "जवाईबापू, अमावस्या झाली की मी हिले घेऊन जातो. तिथं माई सून हाय, अंगावर पाजनारी बाई हाय. पुरुष मानसाच्यानं हे होत नाई. तुमी दुसरं घर करसान, कराच. पन पोरगी मायाजवळ राह्यन. तुमचं काय म्हननं?"

"न्या," खेमसिंग म्हणाला.

धुरपताबाईचा हात थांबला. तिनं वाद धरला होता मनात. दोन गोष्टी तो बोलेल, चार ती बोलेल, मग रडारड होईल आणि ठरेल. एवढ्या झटक्यात त्यानं न्या म्हणावं हे तिला सहन झालं नाही.

"न्या?" ती म्हणाली. "बकरीचं पिल्लू हाय का थे, न्या म्हनाले? मोतीनं तुमाले दिलेली हे एकच चीज हाय. एक डाव तरी तोंड पाह्यलं का तिचं? नाक कोनासारखं हाय, सांगा बरं?"

खेमसिंगनं पुढचा पुंजका उकलला.

"न्या म्हनते!" असं म्हणत ती वाटी घेऊन तणतणत नंदाबाईकडे दूध आणायला गेली. जाताना दार सताड उघडं टाकलं.

खेमसिंग ओट्यावर सरकी काढत होता. सवयीनं त्यानं आत पाहिलं. कापूस हलताना दिसला नाही. ऊन दारातून आत आलं होतं, म्हणून डोळे दिपले असतील असं त्याला वाटलं. त्यानं कपाळावर हात धरून पुन्हा पाहिलं. कापूस हलत नव्हता.

"हाय ना?" तो म्हणाला. उत्तर द्यायला घरात कुणी नव्हतं.

"याडी!" त्यानं हाक मारली. "याडी वं!" शंकरसिंगच्या घरापर्यंत हाक पोचली नाही. कुणीतरी तिथं कांडण करत होतं.

मग तो आत कसा गेला, टोपलीपाशी कसा बसला, त्याला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. त्यानं कापूस बाजूला केला. पोरगी निळसर पडली होती. तोंड किंचित उघडं, छाती स्थिर. त्यानं तिला उचललं. एवढं हलकं काही त्यानं आजवर उचललं नव्हतं. हातात काही आहे की नाही तेच कळेना. त्याला काय करायचं माहीत नव्हतं. गायीचं वासरू जन्मून पडून राहिलं की तो त्याला पेंढीनं चोळायचा, तेवढं त्याला माहीत होतं. त्यानं दोन बोटांनी तिची पाठ चोळली. वरून खाली, खालून वर. तळवे चोळले. सदऱ्याची बटणं तोडली आणि तिला आत छातीशी धरून वरून घोंगडी ओढली आणि तसाच चोळत राहिला. "हे पाह्य," तो म्हणत होता, "हे पाह्य, असं नाई करायचं. ए पोरी. ए मोती. असं नाई."

सदऱ्याच्या आत काहीतरी आकसलं. मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज आला. मग तिनं श्वास ओढला, त्याच्या छातीला गार लागेल असा, आणि रडली. रडणं कसलं, तक्रार म्हणावी असा बारीक सूर. पण तो सूर थांबला नाही.

धुरपताबाई दूध घेऊन परत आली तर टोपली रिकामी. तिच्या हातातली वाटी कलंडली. मग कोपऱ्यात तिला जावई दिसला, घोंगडी पांघरून मांडी घालून बसलेला. घोंगडीतून रडणं ऐकू येत होतं.

"काय झालं?"

"थांबली होती," तो म्हणाला. "थांबली होती, याडी. हलत नोयती."

ती जवळ आली, घोंगडीत हात घालून पाहिलं. पोरीचं अंग गरम लागलं, टोपलीत कधी लागलं नव्हतं तेवढं. "आता चालू हाय," ती म्हणाली आणि खाली बसली.

खेमसिंगला बोलणं आवरलं नाही. "बंडी मोतीनं तुडवली," तो म्हणाला. "पाठ दुखते म्हने. मीच चढवलं. गोड बोलून चढवलं. वर थांबली होती थे, मी पाह्यलं होतं, तरी वतत राह्यलो. म्हनून हे झालं. म्हनून मी हिले हात लावत नोयतो."

धुरपताबाईनं ऐकून घेतलं. तिचा चेहरा बदलला नाही. बाहेर कोंबड्या पालावर पाय घासत होत्या. ती म्हणाली, "मले मोतीनं सांगतलं होतं."

"कधी?"

"तापात. म्हने, बंडी मस्त भरली, याडी. हातभर बसली. यंदा वजन पाह्यजा म्हने."

खेमसिंग खाली मान घालून रडला. तिनं रडू दिलं. त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही.

"मंग तू काहून नाई बोलली मले?"

"काय बोलू? पह्यलं बाळंतपन माहेरचं. दिवाळीलेच घेऊन जायची होती मी तिले. म्हटलं, वेचनी होऊ दे, मानूस नाई भेटत. नेली असती तर तुया बंडीवर चढली असती का?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "माया शेतात अजून चार मन कापूस लटकून हाय. मले थो पाहूही वाटत नाई."

आजवर ती त्याला जवाईबापू म्हणायची, तुमी म्हणायची. आता तू म्हणाली, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"तुयं चुकलं," ती म्हणाली. "चुकलंच. मायंही चुकलं. बसंती म्हनते की तुडवल्यानं झालं का कशानं झालं हे कोनाले सांगता येत नाई. मलेही नाई सांगता येत. पन मायी लेक गेली, अन् आपन दोघं बसलो हाओत. आता हिले आत ठेव तशीच. टोपलीपेक्षा तिथं गरम हाय."

"किती वेळ?"

"दूध आनतो तवरी. सांडलं ना सारं."

ती पुन्हा वाटी घेऊन निघाली. दारात थांबून म्हणाली, "नाक पाह्य तिचं."

त्यानं घोंगडीची कड उचलून पाहिलं. नाक मोतीसारखं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या बापासारखं होतं, जरा फेंदारलेलं. त्याला हसू आलं आणि पुढच्याच क्षणी वाटलं, हे मोतीला सांगायला पाहिजे. मग ते आलेलं हसू कुठं ठेवावं त्याला कळेना.

अमावस्या झाली. धुरपताबाईनं जायचं नाव काढलं नाही. तिच्या शेतातला कापूस तिच्या सुनेनं वेचून घेतला. "होळीपावतर राह्यतो," ती म्हणाली. "पुढचं पुढं." खेमसिंग दुपारचा घरी येऊ लागला. दुपारभर पोरगी त्याच्या सदऱ्यात असायची. शंकरसिंगनं पाहिलं आणि म्हणाला, "खेमसिंगले पोट आलं की काय?" नंदाबाईनं त्याला घरात ओढून नेलं.

बंडीतला वरचा मोकळा कापूस संपला. एके सकाळी खेमसिंगनं हात घातला तर बोटं आत जाईनात. मोतीबाईच्या थराशी तो आला होता. कापूस चटईसारखा बसला होता, एका अंगाला जास्त, जिथं ती तट्टा धरून वळायची. त्याला तो ओढून काढावा लागला. थोडा थोडा काढून, ओट्यावर पसरून, बोटांनी मोकळा करावा लागला. त्या दिवशी एवढासा कापूस फुलवायला त्याला दुपार झाली. धुरपताबाई बाहेर आली, त्याच्या शेजारी बसली आणि तीही सरकी काढू लागली. पोरगी त्या रात्री मोतीबाईच्या थरातल्या कापसात झोपली.

माघ सरत आला तेव्हा शंकरसिंगनंच विषय काढला. "आता तरी चाल. मी येतो संगं. जिनं बंद होतीन मंग घरात गाद्या भरत बस."

खेमसिंग तयार झाला. बंडीतला कापूस तो रोज उपसून मोकळा करायचा आणि लागला नाही तो परत बंडीत टाकायचा, त्यानं कापूस फुगून वर आला होता. तट्ट्यांच्या वरून सांडत होता. शेतातला उरलेला ढीग आता अंगणात आणलेला होता, तोही भरायचा होता. शंकरसिंगनं चाकावर पाय ठेवला. "वत खालून. मी दाबतो."

"नको."

"काहून?"

"उतर खाली. अशीच नेऊ."

"अशी? अरे, ही बंडी हाय का फुगा? अर्धा माल घरी राह्यन!"

"राहू दे. दोन खेपा करू."

"घाटंजीत लोक हासतीन. मोतीबाईची..." शंकरसिंग चाकावरून उतरला आणि बैल आणायला गेला.

बैल जुंपले. खेमसिंग घरात गेला. टोपलीवर वाकला, पोरीच्या नाकापाशी बोट धरलं, थांबला आणि बाहेर आला. बंडी निघाली. फुगलेला कापूस प्रत्येक गचक्याला डुलत होता, वाटेवर एखादा पुंजका उडत होता. नाल्यापर्यंत गेल्यावर खेमसिंगनं कासरा शंकरसिंगच्या हातात दिला. "एवढं धर. आलोच."

"आता काय विसरलं?"

तो मागं वळून निघाला होता.

धुरपताबाई ओट्यावर बसून नातीला पाजत होती. वात आता लागत नव्हती. पोरगी लहान चमच्यानं प्यायची. तिनं जावयाला झपाझप येताना पाहिलं, तेव्हा मान हलवली आणि पोरीला पुढं केलं. खेमसिंगनं घाम आलेलं बोट सदऱ्याला पुसलं आणि नाकापाशी धरलं.

"हाय," धुरपताबाई म्हणाली. "जा आता. थो बैल धरून उभा असन."

"हाय," खेमसिंग म्हणाला. पण लगेच निघाला नाही. बोट तसंच धरून थोडा वेळ उभा राहिला.